सही करण्यापूर्वी

(स्नेहमेळाव्यातील दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जेवणानंतरचा तास मला दिला आहे. शाळेत हा तास भूगोलाचा असायचा आणि मागच्या दोन बाकांवर काय चालायचं ते बाईंना तेव्हाही माहीत होतं. आज त्या बाकांवरचे बरेच जण पुढच्या रांगेत बसले आहेत, म्हणून थोडी हिंमत करते.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. वकील नाही, एजंट नाही, बिल्डर तर नाहीच. तरी हा विषय माझ्याकडे आला, कारण आपल्या ग्रुपवर गेली दोन-तीन वर्षं सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. कुणाला मुलीच्या शिक्षणासाठी पुण्यात फ्लॅट घ्यायचाय, कुणाला गावाकडे प्लॉट, कुणी दुबईहून विचारतो की इथे गुंतवू का. आपण सगळे पंचेचाळिशीच्या आसपास आहोत. या वयात घेतलेलं कर्ज निवृत्तीपर्यंत सोबत येतं. चूक झाली तर भरून काढायला पंचविशीतली वर्षं आता शिल्लक नाहीत. म्हणून जे मला माहीत आहे आणि जे मी कागद वाचून वाचून शिकले, तेवढंच सांगते.

पहिली गोष्ट पैशाची. आपण घराची किंमत विचारतो आणि तिला कर्जाने भागतो. हिशेब तिथेच चुकतो. समजा फ्लॅट 70 लाखांचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 लाखांच्या वर आणि 75 लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक किमतीच्या जास्तीत जास्त 80 टक्के देऊ शकते. म्हणजे 56 लाख. उरलेले 14 लाख आपले. पण मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी सहसा कर्जात धरत नाहीत. पुण्यात मुद्रांक शुल्क मेट्रोच्या अधिभारासह 7 टक्के धरा, म्हणजे 4 लाख 90 हजार. नोंदणी फी 1 टक्का, पण जास्तीत जास्त 30 हजार. झाले 19 लाख 20 हजार. हे सगळं रोख हातात हवं. बांधकाम चालू असलेला फ्लॅट असेल तर त्यावर साधारण 5 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी साडेतीन लाख. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर विकलेल्या तयार घराला जीएसटी नाही. त्यानंतर पंखे, पडदे, स्वयंपाकघर, सोसायटीचा आगाऊ मेंटेनन्स हे वेगळं.

आणि हप्ता? 50 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण 43,400 रुपये येतो. वीस वर्षांत एकूण परतफेड 1 कोटी 4 लाखांच्या वर जाते. मी हे घाबरवायला सांगत नाही. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरले तर बँकेला व्यक्तीकडून दंड घेता येत नाही, हेही लक्षात ठेवा. दरवर्षी बोनसमधला एखादा जादा हप्ता मुद्दलात भरला तरी शेवटची दोन-तीन वर्षं गळून पडतात. पण नवरा-बायको दोघांच्या पगारावर ताणून हप्ता बसवणार असाल, तर एक पगार सहा महिने बंद झाला तर काय, हा प्रश्न आधी विचारा. आमच्या क्षेत्रात पगार बंद व्हायला एक ईमेल पुरतो.

आता घर बघायला निघालो. नवीन इमारत असेल तर सुरुवात महारेराच्या नोंदणी क्रमांकापासून. 2016 च्या रेरा कायद्यानुसार 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरचा किंवा आठपेक्षा जास्त सदनिकांचा प्रकल्प नोंदवल्याशिवाय त्याची जाहिरातसुद्धा करता येत नाही. प्लॉट पाडून विकणाऱ्यांनाही हाच नियम आहे. महारेराच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की मंजूर नकाशे, जमिनीचा टायटल रिपोर्ट, प्रकल्पावरचं कर्ज, पूर्णत्वाची तारीख आणि ती किती वेळा पुढे ढकलली, हे सगळं घरबसल्या दिसतं. माहितीपत्रकातला पोहण्याचा तलाव मंजूर नकाशात आहे का, हेही तिथेच कळतं.

या कायद्यातल्या चार गोष्टी पाठ करून ठेवा. बाईंनी सनावळ्या पाठ करून घेतल्या, त्यापेक्षा या सोप्या आहेत. एक, नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. दोन, क्षेत्रफळ कार्पेट एरियातच सांगायचं. त्यात आतल्या भिंती येतात, पण बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची येत नाही. सुपर बिल्टअपचा आकडा कुणी सांगितला तर ऐका आणि सोडून द्या. तीन, ठरलेल्या तारखेला ताबा मिळाला नाही तर व्याजासह पैसे परत मागता येतात, किंवा घर ठेवून विलंबाचं व्याज मागता येतं. चार, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर तो बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. यासाठी लेखी कळवायला हवं. जिन्यात भेटल्यावर सांगितलेलं धरलं जात नाही.

जुना, म्हणजे रीसेलचा फ्लॅट असेल तर प्रश्न बदलतात. पहिल्या खरेदीपासून आजच्या मालकापर्यंतचे सगळे करारनामे एका ओळीत लागले पाहिजेत. मधला एक जरी गहाळ असेल तर बँक अडते आणि पुढे विकताना आपणही अडतो. मूळ कागद मालकाच्या हातात आहेत की बँकेत तारण आहेत ते विचारा. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, थकबाकी नसल्याचा दाखला, मालमत्ता कराची आणि विजेची शेवटची पावती बघा. महापालिका हद्दीत सोसायटीला हस्तांतरणाचा प्रीमियम 25 हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही, हेही माहीत असू द्या.

आणि सगळ्यात आधी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी. आम्ही घर शोधत होतो तेव्हा एक फ्लॅट सगळ्यांना आवडला होता. पूर्वेकडे बाल्कनी, खाली भाजीवाला, सासूबाईंना चालत जाता येईल असं देऊळ. मी ओसी मागितली तेव्हा एजंट म्हणाला, “मॅडम, दहा वर्षं लोक राहतायत, पाणी आहे, लाइट आहे, अजून काय पाहिजे?” त्या इमारतीला ओसी मिळालेलीच नव्हती. वरचा एक मजला मंजुरीपेक्षा जास्त होता. म्हणजे तिथे राहणारे सगळे कायद्याच्या नजरेत अपूर्ण इमारतीत राहत होते. घरातले दोन आठवडे माझ्यावर नाराज होते. पण इतकी जुनी अडचण मी विकत घेतल्यावर सुटेल असं मानायला मला एकही कारण सापडलं नाही.

याच्या जोडीला कन्व्हेयन्स. इमारत आपली, पण खालची जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर, असं महाराष्ट्रात हजारो सोसायट्यांचं आहे. इमारत जुनी होऊन पुनर्विकासाची वेळ आली की हे आडवं येतं. बिल्डर जमीन नावावर करून देत नसेल तर सोसायटीला मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग आहे. जुना फ्लॅट घेताना सोसायटीच्या सचिवांना एवढं जरूर विचारा: जमीन सोसायटीच्या नावावर झाली का?

आता ज्या विषयासाठी मी खरं तर हे भाषण करायला तयार झाले, त्याकडे येते. गावाकडचा प्लॉट.

माझे बाबा निवृत्त झाल्यावर त्यांना एका ओळखीच्या माणसाने प्लॉट दाखवला. रस्त्यालगत तीन गुंठे. फक्कीने आखलेला, कोपऱ्यात सिमेंटचे खांब, हातात रंगीत नकाशा. “रविवारपर्यंत टोकन दिलं तर हा रेट, नंतर सांगता येत नाही.” बाबांनी मला फोन केला. मी तीन कागद मागायला सांगितले: सातबारा, बिनशेतीचा आदेश आणि मंजूर लेआउट. दोन दिवसांनी एकच कागद आला, सातबारा. बाकीचे “प्रोसेसमध्ये” होते.

सातबारा वाचायला अवघड नाही. आपल्यातल्या अनेकांनी तो पीककर्जाच्या वेळी घरात बघितला आहे. डाव्या बाजूला भूधारणा पद्धत. तिथे भोगवटादार वर्ग 1 असेल तर मालकाला सहसा विकता येतं. वर्ग 2 असेल तर सक्षम अधिकाऱ्याची, बहुतेक वेळा जिल्हाधिकाऱ्यांची, परवानगी लागते. त्यात इनाम, वतन, पुनर्वसनाच्या जमिनी येतात. मग क्षेत्र हेक्टर-आरमध्ये. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर, एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. मग कब्जेदारांची नावं आणि प्रत्येकासमोर फेरफार क्रमांक. तो फेरफार काढून वाचायचा, कारण जमीन त्या माणसाकडे कशी आली ते तिथे लिहिलेलं असतं: खरेदी, वाटणी, वारस की कोर्टाचा हुकूम. आणि उजवीकडे ‘इतर हक्क’. लोक हा रकाना वाचत नाहीत. विकास सोसायटीचा बोजा, कुळ, विहिरीतला हिस्सा, कोर्टातला दावा, सगळं तिथे असतं. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत ऑनलाइन मिळतो, त्यामुळे विकणाऱ्याने दिलेल्या झेरॉक्सवर थांबायचं काही कारण नाही. मात्र सातबारा हा महसुली नोंदीचा कागद आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. म्हणून वकिलाकडून दुय्यम निबंधक कार्यालयातला किमान तीस वर्षांचा सर्च घ्यायचा.

तर बाबांना दाखवलेल्या त्या जमिनीवर काय होतं? जमीन शेतीचीच होती. बिनशेती झालेलीच नव्हती. शेतजमिनीचे असे लहान तुकडे विकण्यावर 1947 च्या तुकडेबंदी कायद्याची बंधनं आहेत. त्यातल्या मर्यादा आणि सवलती बदलत आल्या आहेत, म्हणून आपल्या गट नंबरला आज काय लागू आहे ते तहसील कार्यालयातच विचारायचं. शिवाय शेतजमीन घ्यायला मुळात शेतकरी असावं लागतं. आणि ‘इतर हक्क’ रकान्यात एक बोजा होता आणि एका बाईचं नाव होतं. विकणाऱ्याची बहीण.

बाबांनी एजंटला विचारलं. तो म्हणाला, “त्यांचं काही नाही हो, लग्न होऊन गेल्यात.” बाबा जुन्या वळणाचे, पण कागदावर नाव असलेल्या माणसाला न विचारता पुढे जाणं त्यांना पटेना. ती बाई शेजारच्याच गावात होती. बाबा एस.टी.ने जाऊन तिला भेटून आले. ती म्हणाली, “मला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर सही दिली पण असती. पण विचारायला नको का?”

बाबांनी प्लॉट घेतला नाही. हा भाग सोपा होता. घरी आल्यावर मात्र त्यांनी आपल्याच जमिनीचा सातबारा काढला. कब्जेदार म्हणून बाबा आणि काका. आणि माझ्या दोन्ही आत्यांची नावं, आजोबा गेल्यापासून, ‘इतर हक्क’ रकान्यात.

मित्रमैत्रिणींनो, आपण नववीत गेलो त्याच महिन्यात, 22 जून 1994 ला, महाराष्ट्रात एक कायदा लागू झाला. ज्यांचं तोवर लग्न झालेलं नाही अशा हिंदू मुलींना वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाइतकाच, जन्मापासूनचा हक्क मिळाला. आपल्या वर्गातल्या सगळ्या मुली त्यात आल्या. आपल्याला कुणी सांगितलं नाही. आपण तेव्हा त्रिकोणमिती करत होतो. नंतर 2005 मध्ये केंद्राच्या कायद्याने हा हक्क विवाहित-अविवाहित असा भेद न करता सगळ्या मुलींना दिला, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की त्यासाठी 2005 साली वडील हयात असण्याची अट नाही. आधी झालेल्या रीतसर वाटण्या यातून वगळल्या आहेत. आणि आत्यांसारख्या त्याआधीच्या पिढीतल्या मुलींनाही वडील गेल्यावर वारस म्हणून हिस्सा होताच. तो 1956 पासूनचा आहे.

म्हणून जमीन घेताना विकणाऱ्या कुटुंबाची वंशावळ मागा आणि बहिणींच्या, मयत बहीण असेल तर तिच्या मुलांच्या, सह्या घ्या. बहिणीने हक्क सोडला असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र बघा. घरच्या कागदावर लिहून दिलेलं चालत नाही. हे व्यवहाराच्या दृष्टीने झालं. आज तिला टाळून घेतलेली जमीन दहा वर्षांनी तिच्या मुलाच्या दाव्यात अडकते आणि तोवर तुमचं घर त्यावर उभं असतं.

पण या सभागृहात आपण कागदाच्या दोन्ही बाजूंना बसलो आहोत. इथल्या मुलांपैकी कितीतरी जण भाऊ म्हणून सह्या मागणार आहेत, आणि मुलींपैकी कितीतरी जणींना “माहेर तुटेल” म्हणून न वाचता सही करायला सांगितलं जाणार आहे. काहींनी ती केलीही असेल. हक्क सोडू नका असं मी म्हणत नाही. भावाने आईवडिलांचं केलं असेल, शेती कसली असेल, तर बहीण आनंदाने सोडते. पण विचारून, वाचून दाखवून, तिला दुय्यम निबंधकांसमोर काय होतंय ते समजावून. रक्षाबंधनाच्या दिवशी ताटाखाली सरकवून नव्हे.

आमच्या घरी बाबांनी दोन्ही आत्यांना बोलावलं. मोठ्या आत्याने हक्क सोडला आणि रीतसर नोंदणी केली. धाकटी म्हणाली, “माझ्या मुलीसाठी मला दहा गुंठे हवेत.” काका चिडले. घरात दोन महिने बोलणं बंद होतं. दिवाळीला कोणी कुणाकडे गेलं नाही. शेवटी मोजणी होऊन तिचा हिस्सा वेगळा झाला. आज बोलणं सुरू आहे, पूर्वीइतकं मोकळं नाही. पण त्या जमिनीच्या कागदावर आता न विचारलेलं माणूस कुणी नाही.

आता व्यवहाराच्या दिवसाबद्दल थोडक्यात. टोकन द्यायचं तर चेकने किंवा बँकेतून, आणि पावतीवर लिहून घ्या की टायटल स्वच्छ नसेल किंवा कर्ज नामंजूर झालं तर ते परत मिळेल. वकील आपला स्वतःचा असू द्या, विकणाऱ्याने सुचवलेला नको. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. मुखत्यारपत्रावर व्यवहार होत असेल तर मूळ मालकाशी स्वतः बोला. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केलं आहे. किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर 1 टक्का टीडीएस कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. विकणारा परदेशस्थ भारतीय असेल तर दर वेगळा आणि बराच जास्त असतो. दुबई-अमेरिकेतल्या मित्रांकडून घर घेणाऱ्यांनी सीए गाठल्याशिवाय पैसे देऊ नयेत, मैत्री कितीही जुनी असली तरी. काही रक्कम रोख द्या, कागदावर कमी दाखवू, असं कुणी म्हटलं तर उठून या. पुढे वाद झाला तर परत मागता येते ती फक्त कागदावरची रक्कम.

करारनाम्याचा मसुदा आदल्या दिवशी घरी आणून वाचा. आमच्याकडे प्रोग्राम चालतो म्हणून कोणी पास करत नाही. कुठे मोडेल ते शोधून बघावं लागतं. करारनामा तसाच वाचायचा. ताबा उशिरा मिळाला तर? हप्ता उशिरा गेला तर? पार्किंग कुठलं, क्रमांक काय? प्रत्येक ‘तर’चं उत्तर त्यात सापडलं पाहिजे. नोंदणी झाल्यावर इंडेक्स टू घ्या, त्यातलं आपलं नाव आणि क्षेत्र तपासा, आणि मालमत्ता कर, वीज, सोसायटी, जमीन असेल तर फेरफार, सगळीकडे नाव लावून घ्या.

नावावरून शेवटचं. महाराष्ट्रात घर फक्त स्त्रीच्या नावावर नोंदवलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. 70 लाखांवर 70 हजार वाचतात. ती जरूर घ्या. पण केवळ सवलतीसाठी बायकोचं नाव आणि निर्णय सगळे आपले, असं करू नका. आणि दोघं हप्ता भरत असतील तर दोघांची नावं, हिश्शासकट, लिहा. सोसायटीत नॉमिनी नेमला म्हणजे तो मालक होत नाही, म्हणून मृत्युपत्रही करा. या वयात हा शब्द उच्चारायला आपण कचरतो. पण आपल्या मागे आपल्या मुलांनी एकमेकांशी बोलत राहावं असं वाटत असेल, तर त्याची सोय आपणच करून ठेवायला हवी.

सर, बाई, तुम्ही आम्हाला पेपर हातात आला की आधी पूर्ण वाचा, मग लिहा, असं सांगायचात. मी गेल्या अर्ध्या तासात त्यापेक्षा नवीन काही सांगितलेलं नाही. ज्यांना आपल्या घरचा सातबारा वाचायचाय, त्यांनी गट नंबर घेऊन चहाच्या वेळी माझ्याजवळ या. मोबाइल चार्ज करून आणला आहे, आणि 15 रुपये ज्याचे त्याने भरायचे.